मानाची सर्व्हिस

उल्काला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी दुपारी पुनू झोपली की ती इस्त्रीचं टेबल टीव्हीसमोर ओढायची, आवाज अगदी बारीक करायची आणि आपली कोरियन मालिका लावायची. आवाजाची तशी गरजच नव्हती म्हणा. बोलणं सगळं कोरियन, समजून घ्यायचं ते खाली उमटणाऱ्या इंग्रजी ओळी वाचून. एक डोळा त्या ओळींवर, एक कान आतल्या खोलीकडे आणि उरलंसुरलं लक्ष वरुणच्या शर्टांवर. त्यामुळे वरुणच्या कॉलरी हल्ली जरा वाकड्याच असायच्या.

मालिकेची गोष्ट साधी होती. बेसबॉलची एक टीम दरवर्षी तळाला जाते. तिला सावरायला एक नवा मॅनेजर आणतात, आणि त्याने स्वतः जन्मात कधी बेसबॉल खेळलेलं नसतं. बाहेर बर्फ पडत असतो, सामने बंद असतात, आणि माणसं ऑफिसात बसून कुणाला ठेवायचं, कुणाला काढायचं यावर हळू आवाजात भांडत असतात.

"मॅचच नाही? अगं, मग ही कसली स्पोर्ट्‌स सिरियल?" वरुण म्हणाला होता. "म्हणजे लग्न नाही आणि पंगत मात्र बसलीय."

"मॅच असली की माझा जीव वरखाली होतो. हे बरंय. नुसती माणसं बघायची."

"ते तू सिरियलशिवाय पण करतेसच की."

हे मात्र खरं होतं. उल्काला बघायची सवय होती. पुनू जन्मल्यापासून तर ती सवय हाडात मुरली होती. श्वास नीट चाललाय ना, अंग गरम लागतंय का, पायरी दिसली का तिला, तोंडात काय घातलं. पुण्यात स्टॅटिस्टिक्समध्ये एमएस्सी केलेली मुलगी, आता बहारीनमध्ये बुदैयाच्या एका फ्लॅटमध्ये बसून मुलीच्या शिंका मोजते, असं ती स्वतःच हसत सांगायची. हसत सांगायची, पण मोजायचीही.

आणि या बघण्यापायीच ती मॅनेजर झाली होती. कोरियात नव्हे, इथेच, मराठी बायकांच्या थ्रोबॉल टीमची.

थ्रोबॉलला जाळं व्हॉलीबॉलसारखंच असतं, पण बॉल ठोकायचा नसतो. दोन्ही हातांनी झेलायचा आणि झेलल्या झेलल्या एका हाताने, खांद्यावरून, पलीकडे फेकायचा. इथल्या मंगळूरच्या बायका असा फेकतात की झेलणारीचे तळवे लाल होतात. दर हिवाळ्यात सगळ्या भारतीय मंडळांच्या बायकांचे सामने होतात, आणि दर हिवाळ्यात मराठी टीम शेवटची येते. उल्का खेळत नव्हती. पुनूला मांडीवर घेऊन बाकावर बसायची आणि बघायची. "तू नाहीतरी डोळ्यात तेल घालून बसलेलीच असतेस," विशाखाताई म्हणाल्या, "आजपासून तूच मॅनेजर. टीम तू ठरवायची." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. उल्काला वाटलं, पाण्याच्या बाटल्या आणि डब्यांचं बघायचं असेल.

तसं ते नव्हतं. आता शुक्रवारी सामने होते, सातजणींत कोण उतरणार हे उल्काने ठरवायचं होतं, आणि जिला बसवायला हवं होतं ती दुसरी-तिसरी कुणी नव्हती, त्या खुद्द विशाखाताईच होत्या.

विशाखाताई म्हणजे टीमची कप्तान. टीम काढली त्यांनी, कोर्ट मिळवलं त्यांनी, बायकांना घरातून ओढून आणलं त्यांनी. मूळच्या साताऱ्याच्या, पण दोन्ही मुलं इथेच लहानाची मोठी होऊन कॅनडाला गेलेली. नवरा, विलासराव, कामासाठी सदान्‌कदा समुद्रावरचा पूल ओलांडून सौदीत. उल्कासाठी मात्र त्या याहून मोठ्या होत्या. गेल्या वर्षी भर दुपारी तापात पुनूला झटका आला, डोळे फिरले. वरुण हिद्दला कामावर, साइटवर मोबाइल न्यायची बंदी. उल्काला गाडी येत नाही. तिने एकच फोन लावला. विशाखाताई कोपरापर्यंत कणीक लागलेल्या हातांनीच आल्या आणि तशाच हातांनी त्यांनी गाडी हाणली. पुढे कितीतरी दिवस त्यांच्या स्टिअरिंगवर वाळलेल्या कणकेचे ठिपके होते. तेव्हापासून या बेटावर उल्काला झोप लागायची ती त्या एका नंबरच्या भरवशावर.

त्या बाईला सांगायचं, की ताई, तुम्ही बसा?

बरं, ताईंचं आधीच काहीतरी बिनसलेलं होतं. उल्काला दिसत होतं ना. पूर्वी गाडीत ती ताईंच्या शेजारी बसायची, मागे पुनू तिच्या सीटमध्ये. सिग्नलला ताई हात मागे नेऊन पुनूच्या तळपायाला गुदगुल्या करायच्या. हल्ली गाडीचं दार उघडण्याआधीच म्हणायच्या, "मागेच बस गं, पुनूजवळ." टॅक्सीत बसल्यासारखी उल्का मागे बसायची. पुढून बोलणंही तुटक. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तर कमालच झाली. दरवर्षी ताई एकेकीला स्वतः कुंकू लावतात. यंदा करंडा टीममधल्या कश्मिराच्या हातात दिला आणि आपण सोफ्यावर बसून राहिल्या. उल्काचा नंबर आला तेव्हा तर त्यांनी मान वळवून खिडकीबाहेर बघितलं. वर ते लांबसडक केस एक दिवस मानेपर्यंत कापून आल्या. उल्का म्हणाली, "अय्या, का कापले?" तर म्हणाल्या, "कापले. तुला काय त्याचं?"

तुला काय त्याचं! उल्काने ते वाक्य आठवडाभर चघळलं होतं. आपण फार फोन करतो. फार गळ्यात पडतो. ताई कंटाळल्या आपल्याला.

मंगळवारी जिदहफ्सजवळच्या एका शाळेच्या कोर्टवर शेवटचा सराव झाला. नारळ फोडावा तशी पहिली सर्व्हिस ताईंची, हा टीमचा रिवाजच. तिला नावही पडलं होतं, मानाची सर्व्हिस. ताईंनी बॉल उचलला, फेकला, तो जाळ्यातच अडकला. "असू दे ताई, वारा आहे," कुणीतरी म्हणालं. बंद हॉलमध्ये कसला वारा! मग खेळ सुरू झाला. बॉल मधोमध आला की सगळ्या आदबीने बाजूला होत. "ताई, तुमचा!" ताई झेलत, फेकत, आणि बॉल जाळ्याच्या अलीकडे पडे. पुन्हा "ताई, तुमचा!" जणू पंगतीत आग्रह चाललाय.

पाणी प्यायला कश्मिरा बाकावर आली. बँकेतून थेट आलेली, बूट बदलून कोर्टवर.

"उल्का, तू मॅनेजर आहेस ना?"

"हळू बोल."

"काढ त्यांना. तुझ्या त्या कोरियन माणसाने पहिल्याच भागात सगळ्यात लाडक्या खेळाडूला नारळ दिला, असं तूच सांगत होतीस. यल्ला, चल, तू पण दे. खलास."

"त्याला मूल नाहीये, कश्मिरा. आणि गाडी येते त्याला."

आबिदाही घाम पुसत आली. ती चिपळूणची, एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला. तिचा फेकलेला बॉल समोरची भिंत हलवायचा, पण जागा मागच्या कोपऱ्यात. "मी काय बोलत नाय," ती म्हणाली, "पण माझ्याकडं बॉल येतच नाय. सगळ्या 'ताई, तुमचा, ताई, तुमचा.' मी आपली कुंपणाच्या खांबासारखी उभी."

"मग तूच का नाही सांगत ताईंना?"

"मी? या अल्ला! मला नोकरी लावून दिली त्यांनी."

तर असं होतं. कुणाला त्यांनी नोकरी लावून दिली होती, कुणाचं बाळंतपण केलं होतं, कुणाला गाडी शिकवली होती. सगळ्यांना दिसत होतं आणि सगळ्यांचे हात बांधलेले होते. मोकळा हात एकटीचाच, मॅनेजरचा, आणि तिच्या हातात झोपाळलेली पुनू.

परतताना उल्का मागेच बसली. बुदैयाच्या रस्त्याला लागेपर्यंत तिने मनात सहा वेळा वाक्य जुळवलं.

"ताई, शुक्रवारचं..."

"हं, बोल."

"जेवणाचे डबे कुणी आणायचे?"

"कुणीही आणा गं," ताई म्हणाल्या. आवाज इतका दमलेला होता की उल्काला पुढे बोलवेना. घरी आल्यावर ती वरुणला म्हणाली, "मी नाही सांगू शकत. आपण शेवटचेच येऊ. तशी सवय आहे."

"मग मॅनेजरकी सोड."

"ते तर त्याहून वाईट दिसेल!"

वरुणने हात जोडले आणि तो भाजी चिरायला गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुनू झोपली. उल्काने मालिका लावली. त्या भागात एक उतरतीला लागलेला पिचर होता, म्हणजे बॉल टाकणारा. उर्मट, कुणाशी धड न बोलणारा. टीममधले सगळे त्याच्यावर वैतागलेले. ऑफिसात तो चहा घ्यायला येतो. कप वरच्या फळीवर. तो उजवा हात उचलतो, अर्ध्यावर थांबवतो, इकडेतिकडे बघतो आणि डाव्या हाताने कप काढतो. मॅनेजर दारातून हे बघतो. दुसऱ्या दिवशी सगळे कप खालच्या फळीवर असतात.

उल्का हातात इस्त्री धरून उभी राहिली.

हात अर्ध्यावर थांबवतो.

मागच्या सीटकडे न जाणारा हात. कपाळापर्यंत न पोचणारा हात. वेणी घालायला पाठीमागे न वळणारा हात, म्हणून कापलेले केस. "तुला काय त्याचं," असं म्हणणारा, दुखणं लपवणाऱ्या माणसाचा तो आवाज. अरे देवा, हे सगळं तर मी बघितलं होतं! एकूण एक बघितलं होतं आणि सगळं स्वतःवर ओढून घेतलं होतं!

जळका वास आला तेव्हा वरुणच्या निळ्या शर्टाच्या पाठीवर इस्त्रीचा तपकिरी त्रिकोण उमटला होता. उल्काने इस्त्री बंद केली, मग प्लग काढला, मग प्लग काढलाय ना ते पुन्हा बघितलं. झोपलेल्या पुनूला उचलून ढकलगाडीत घातलं आणि ती निघाली.

बुदैयात पायी कुणी चालत नाही. गाडी बंद पडलेला माणूस तेवढा चालतो. खजुराच्या बागांच्या भिंतींकडेने, धुळीतून, ढकलगाडी रेटत जाणारी बाई बघून एका म्हाताऱ्या बहारीनी माणसाने गाडी थांबवली. "सिस्टर, प्रॉब्लेम?"

"मफी प्रॉब्लेम, शुक्रन," उल्का म्हणाली आणि तिचं तिलाच हसू आलं. कारण खरंच नव्हता. निदान तिला भीती होती तो तरी नव्हता.

दार उघडताच विशाखाताईंचा चेहरा पांढरा पडला. "काय झालं? पुनू बरी आहे ना? फोन का नाही केलास?"

"पुनू बरी आहे. मी चालत आले."

"चालत? वेड लागलं का तुला?"

उल्का सरळ स्वयंपाकघरात गेली. ओट्यावरची वरची कपाटं उघडी आणि रिकामी होती. डाळींचे, पोह्यांचे, चिवड्याचे सगळे डबे खाली ओट्यावर दाटीवाटीने मांडलेले. चहाची पातेली शेगडीशेजारी. कप सगळे खाली.

"ताई," ती म्हणाली, "खांदा कधीपासून दुखतोय?"

"कुठला खांदा?"

"उजवा."

"काही नाही गं, जरा अवघडलाय..."

"ताई, तो करंडा घ्या आणि मला कुंकू लावा."

देवघराशी करंडा होता. ताईंनी त्याच्याकडे बघितलं, उल्काकडे बघितलं. उजवा हात छातीपर्यंत आला आणि तिथेच राहिला. मग त्या स्टुलावर बसल्या आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"दिवाळीपासून," त्या म्हणाल्या. "आखडलाय. डॉक्टर म्हणाला, या वयात बायकांचा आखडतो, व्यायाम करा, सुटेल. व्यायाम करायला गेले की जीव जातो. मग सोडून दिला."

"आणि थ्रोबॉल चालू ठेवलात?"

"काय करू? तुम्ही सगळ्या बाजूला होता गं! 'ताई, तुमचा, ताई, तुमचा.' इतक्या मानाने देता, नको कसं म्हणू? माझा नको, असं एकदा म्हटलं की संपलं. टीममधून उतरलेल्या बाईला कोण विचारतंय? पोरं लांब, हे सौदीत. मंगळवारी आणि शुक्रवारी या घराची बेल वाजते ती तुमच्यामुळे."

साथ सुटेल म्हणून इतके दिवस एकीकडे उल्का घाबरत होती आणि दुसरीकडे ही बाई अगदी त्याच गोष्टीला घाबरत होती.

"मला वाटलं, तुम्हाला माझा कंटाळा आला."

"तुझा?"

"मला मागे बसवता ना गाडीत."

ताई रडता रडता थांबल्या. क्षणभर काही कळेचना त्यांना. मग त्या अशा हसल्या की खांद्यात कळ येऊन "आई गं" म्हणाल्या आणि पुन्हा हसल्या. "अगं बये! पुनूने बाटली पाडली, रडायला लागली, तर मला हात मागे नेता येत नव्हता! म्हणून तुला तिच्याजवळ बसवत होते. चालत्या गाडीत लेकरू रडलं की मला सुचत नाही काही."

"आणि हळदीकुंकवाला माझा नंबर आला तेव्हा तोंड फिरवलंत..."

"तूच एक अशी आहेस, जिला बघताक्षणी कळलं असतं. म्हणून फिरवलं."

इतक्यात पुनू जागी झाली. "आज्जी, व्हाय आर यू क्राइंग?" तिने विचारलं.

"आय ॲम लाफिंग, सोन्या," ताई म्हणाल्या आणि डाव्या हाताने त्यांनी नाक पुसलं.

उल्काने चहा टाकला. टाकता टाकता पाठमोरीच म्हणाली, कारण तोंड बघून तिला अजूनही जमलं नसतं, "ताई, शुक्रवारी तुम्ही खेळायचं नाही. मॅनेजर म्हणून सांगतेय."

उल्काने आल्याचा तुकडा गरजेपेक्षा जास्तच ठेचला.

"सुटले बाई," विशाखाताई म्हणाल्या.

उल्का वळली. ताईंनी डोळे मिटले होते आणि सगळं अंग खुर्चीत सोडून द्यावं तसं त्या स्टुलावर सैल बसल्या होत्या. "कुणीतरी म्हणावं, असं किती दिवस वाटत होतं. म्हणून तर तुला मॅनेजर केलं. तुला दिसेल म्हणून. पण तू आपली डबे कुणी आणायचे विचारतेस!"

"पण बेल मात्र वाजणार," उल्का म्हणाली. "मी रोज येणार. व्यायाम माझ्यासमोर करायचा. आणि बाकावर तुम्ही माझ्या शेजारी बसायचं. कोण कुठे उभं राहिल्यावर बॉल कसा येतो, ते तुमच्याइतकं कुणाला कळतं?"

त्याच दुपारी व्यायाम सुरू झाला. भिंतीला बोटं टेकवायची आणि मुंगीसारखी वर चढवत न्यायची. ताईंची बोटं खांद्याच्या उंचीला पोचली की त्या "मेले!" म्हणून ओरडत. शेजारी पुनू आपली इवली बोटं भिंतीवर चढवत होती आणि तीही दर वेळी मोठ्या आनंदाने "मेले!" म्हणत होती.

शुक्रवारी कोर्टवर सगळ्यांना धक्का बसला तो ताई साध्या पंजाबी ड्रेसात बाकावर बसलेल्या बघून. कश्मिराने उल्काकडे बघून डोळे मोठे केले. "तू खरंच दिलास नारळ?" ती कुजबुजली.

"मी नाही. त्यांनीच घेतला."

पहिली सर्व्हिस कुणी करायची, यावर सगळ्या घुटमळल्या. मान कुणाचा मोडायचा? ताई उठल्या, डाव्या हातात बॉल घेतला, कोर्टवर गेल्या आणि तो मागच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या आबिदाच्या हातात दिला. "घे. आजपासून मान तुझा. आणि लक्षात ठेवा गं, आता कुणी कुणासाठी बाजूला व्हायचं नाही. 'ताई, तुमचा' म्हणेल तिला मी घरी चहा देणार नाही."

आबिदाने ओढणी कमरेला खोचली. तिने असा काही बॉल फेकला की पलीकडच्या बाईने तो झेलायचा सोडून अंग चुकवलं.

पहिला सामना मराठी टीम तरीही हरली. मंगळूरच्या बायका त्या मंगळूरच्याच. पण दुसऱ्या सामन्यात काय घडलं ते उल्काला अजूनही सलग सांगता येत नाही. ताई बाकावरून ओरडत होत्या, "कश्मिरा, एक पाऊल मागे! आबिदा, लांब टाक, लांब!" आणि उल्काही ओरडत होती, उभी राहून, दोन्ही मुठी वळून. तिचा जीव वरखाली होत होता आणि तिला ते चक्क आवडत होतं. शेवटचा पॉइंट मराठी टीमला मिळाला तेव्हा ती जागच्या जागी उडाली, आणि खाली येता येता तिच्या काळजात धस्स झालं. पुनू! सबंध सामनाभर आपण पुनूकडे एकदासुद्धा बघितलं नाही!

तिने गर्रकन मान वळवली. पुनू ताईंच्या मांडीवर, त्यांच्या डाव्या हाताच्या वेढ्यात गाढ झोपली होती. गालाला बिस्किटाचा चुरा लागलेला. ताईंनी ओठांचा चंबू करून उल्काला खूण केली, शू.

त्या वर्षी मराठी टीम शेवटून दुसरी आली. जल्लोष मात्र असा केला की पहिल्या आलेल्या बायका बक्षीस हातात घेऊन बघत उभ्या राहिल्या. आबिदाने आणलेला सांदणांचा डबा मिनिटात रिकामा झाला.

बाहेर गार वारा सुटला होता. पुनूला मागच्या सीटमध्ये नीट बांधून उल्का सवयीने तिच्याशेजारी शिरू लागली.

"मागे कुठे चाललीस?" ताई म्हणाल्या. "झोपलीय ती. पुढे ये."

उल्का पुढे येऊन बसली. ताईंचा पट्टा तिने आपणहून ओढून खटकन लावला. गाडी रस्त्याला लागली, शेजारून खजुराच्या बागा मागे पडू लागल्या. उल्काने एकदा मागे वळून पुनूचा श्वास बघितला. मग समोर बघितलं आणि बराच वेळ समोरच बघत राहिली.

"काय गं," ताईंनी विचारलं, "त्या तुझ्या कोरियन लोकांचं काय झालं? जिंकतात का शेवटी?"

"काय माहीत, ताई," उल्का म्हणाली, "त्यांची अजून मॅचच सुरू झालेली नाही."